एका फेरीत साडेपाच मीटर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तिकडे सगळे बरे असतील असं पुढच्या ओळीत लिहायची पद्धत आहे, पण या खेपेला तेवढ्यावर भागणार नाही. मला तुझ्या गुडघ्याची नीट माहिती हवी आहे. उजवा दुखतो एवढं मागच्या पत्रात कळलं. तो जिना चढताना दुखतो की उतरताना? पूर्ण वाकतो का? सकाळी आखडलेला असतो आणि मग सुटतो, की दिवसभर तसाच? न थांबता किती वेळ चालू शकतेस? (बाजारात जाऊन येतेस ते सांगू नकोस. तू प्रत्येक दुकानापाशी थांबतेस, ते चालणं धरत नाहीत.) हे सगळं का विचारतो आहे ते शेवटी येईल. भावोजींना नमस्कार. त्यांचं कानातलं यंत्र चालू असेल तर हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचू नकोस, कारण पुढे फादर प्रिन्सिपलांविषयी थोडं लिहिलं आहे आणि धर्मगुरूंविषयी वाकडं ऐकलं की भावोजींचं जेवण जात नाही.

पहिली बातमी, माझा सन्मान होणार आहे. दुसरी बातमी, मी तो घेणार नाही.

शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून शाळेचे जुने खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडाप्रेमी यांचा गौरव करायचं ठरलं आहे. समिती नेमली आहे. समितीत फादर प्रिन्सिपल आहेत आणि त्यांना हो म्हणणारे चौघे आहेत. सन्मानाच्या यादीत प्रशिक्षकांत आपले शिट्टीसर. (हयात आहेत. चौऱ्याऐंशी. शिट्टी अजून गळ्यात.) क्रीडाप्रेमींत दोघं. एक सुईवाल्या सिस्टर, ज्यांनी चाळीस वर्षं सगळ्या बनियनांवर नंबर शिवले, आणि दुसरा मी, ज्यानं एकतीस वर्षं मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. मला खेळ फारसे आवडत नाहीत हे तुला माहीत आहे. मला रेघा आवडतात. धावणारे लोक त्या पुसतात, एवढाच माझा खेळाशी संबंध. तरी मी क्रीडाप्रेमी. (चुना लावणं या शब्दांवरचा विनोद या एकतीस वर्षांत मी अंदाजे चार हजार वेळा ऐकला आहे. भावोजींना म्हणावं, राहू दे.) माझ्या सन्मानपत्रात 'अबोल सेवेबद्दल' असे शब्द छापले आहेत. ते वाचून मला बरं वाटलं होतं. त्यातल्या 'अबोल'वर समितीचा एवढा भर का, ते नंतर लक्षात आलं.

खेळाडूंत सगळ्यात मोठा सन्मान हरिणीचा. तुला हरिणी आठवत असेल. तुझ्यानंतर तीन वर्षांनी आली, आठशे मीटरमधला तुझा विक्रम तिनं मोडला. आता ती हाडांची डॉक्टर आहे, सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात, तीच प्रमुख पाहुणी आणि तिनंच शाळेला पितळेचा मोठा फळा दिला आहे. फळ्यावर शाळेचे सर्वकालीन विक्रम. अक्षरं कोरलेली, म्हणजे आता रंगाऱ्याचं काम नाही, एकदा कोरलं की ते कायमचं. आणि पितळेचं काम म्हणून फादरांना वाटलं की मैदानाचं एक प्रमाणपत्रही भिंतीवर चौकटीत लावावं. त्यांनी ते टाइप करून माझ्याकडे पाठवलं. 'या मैदानाची एक फेरी दोनशे मीटर आहे असे मी प्रमाणित करतो.' खाली सहीला जागा, त्याखाली 'मैदानप्रमुख'. ताई, एकतीस वर्षांत मला कोणी मैदानप्रमुख म्हटलेलं नाही. मुलं रेघकाका म्हणतात, फादर 'अरे' म्हणतात. मी तो कागद दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. मग मनात आलं, सही करायची तर एकदा मोजून घ्यावं.

सगळा घोळ या एका विचारातून झाला. मी मैदान कधी मोजलेलंच नव्हतं. बाबांनी काम माझ्या हाती दिलं तेव्हा एकच गोष्ट शिकवली होती, मागच्या वर्षीची रेघ शोधायची आणि तिच्यावरून गाडी चालवायची. चुन्यानं गवत जळतं, त्यामुळे पावसाळ्यानंतरही जुनी रेघ पिवळी पिवळी दिसत राहते. मी बाबांच्या रेघेवर माझी रेघ मारली, दुसऱ्या वर्षी माझ्या रेघेवर माझी, आणि अशा एकतीस. शेजारच्या गवंड्याकडून तीस मीटरची पोलादी टेप आणली. सकाळी सहाला हिला एक टोक धरायला उभी केली. ही म्हणाली, "इतकी वर्षं रेघा मारल्या, आता म्हणे मोजायचंय. लग्नाआधी पत्रिका बघतात, लग्नानंतर नाही." आतल्या रेघेवरून मोजलं, तर एकशे चौऱ्याण्णव मीटर आणि पन्नास सेंटिमीटर. मी म्हटलं, तू टोक हलवलंस. ही म्हणाली, मी हललेही नाही, मच्छर चावत होता तरी हलले नाही. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं, टोकाला खिळा ठोकून, हिला घरी पाठवून. एकशे चौऱ्याण्णव पन्नास. खिळ्यावर आरोप करता येईना.

साडेपाच मीटर गेले कुठे, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. मैदानाच्या त्या टोकाला, जिथं वळण आहे, तिथं मरियामातेची गुहा आहे. तू असताना ती नव्हती. तू शाळा सोडलीस त्याच्या पुढच्या वर्षी तेव्हाच्या मदर सुपीरियरनी ती बांधून घेतली. दगड, मूर्ती, पुढे गुडघे टेकायची पायरी, भोवती लोखंडी कठडा आणि कठड्याबाहेर फुलांचा वाफा. वाफा नेमका वळणावर आला. बाबांनी काय केलं असेल ते तुला मी सांगायला नको. टोपी काढली असेल, क्रूसाची खूण केली असेल आणि वळण आत ओढून घेतलं असेल. दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी, तिकडे एक वीतसुद्धा वाढवायला जागा नाही. म्हणजे फेरी आखडली ती आखडली, आणि चौकशी कोणी केली नाही. मरियामातेवर संशय घेणार कोण? एका फेरीत साडेपाच, चार फेऱ्यांत बावीस मीटर. हरिणीनं विक्रम केला तो सातशे अठ्ठ्याहत्तर मीटरचा. तू केलास तो बाबांच्या जुन्या मैदानावर, पूर्ण आठशेचा.

हे कळल्यावर मी टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. मला तो जुना लाकडी फळा आठवला. तू कॉलेजातून सुट्टीला आली होतीस आणि त्याच आठवड्यात रंगाऱ्यानं तुझं नाव हिरव्या रंगात बुडवून वर हरिणीचं लिहिलं होतं. मी चौदा वर्षांचा, तुला हात धरून दाखवायला घेऊन गेलो, कारण मला वाटलं तू चिडशील आणि मला ते बघायचं होतं. तू बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "रंग छान बसलाय." एवढंच. त्यानंतर तू मैदानात पाय ठेवला नाहीस. आपल्या खोलीचं पुढचं दार मैदानात उघडतं, आणि तू चव्वेचाळीस वर्षं माहेरी मागच्या दारानं येतेस. आई म्हणायची गल्लीतून जवळ पडतं. गल्लीतून लांब पडतं, ताई. तेही मी मोजलं आहे.

मी फादरांकडे गेलो. फादर तरुण आहेत, वाईट नाहीत, त्यांना प्रत्येक गोष्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीवर लावायला आवडते. मी सांगितलं, सही होणार नाही, मैदान लहान आहे आणि आठशे मीटरच्या ओळीत भलतंच नाव कोरलं आहे. त्यांनी मला खुर्ची दिली. (एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मी सावध झालो.) म्हणाले, इतक्या वर्षांनी कोणाचं काय अडलंय? मी म्हटलं, ताईचं. म्हणाले, त्यांची तक्रार आहे का? मी म्हटलं, तिला अजून माहीतच नाही. म्हणाले, मग तक्रार कसली? याची तीन उत्तरं मला बाहेर आल्यावर सुचली, पण तोवर दार लागलं होतं. दार लावण्याआधी त्यांनी एवढं मात्र सांगितलं, की समारंभ शनिवारी आहे, पितळ कोरून आलं आहे, डॉक्टरीणबाई पाहुण्या आहेत, आणि पाहुणीला बोलावून तिचं नाव पुसायचं हे ख्रिस्ती वागणं नव्हे. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं पुसलं तेव्हा ते कोणतं वागणं होतं? हे मी बंद दाराला म्हटलं, पण मोठ्यानं.

मग मी शिट्टीसरांकडे गेलो, साक्षीदार हवा म्हणून. सर चर्चमागच्या खोलीत एकटे राहतात. त्यांच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात तीन बंद पडलेली स्टॉपवॉच आणि सगळ्या वेळांची वही. तुझी वेळ निघाली, दोन मिनिटं एकतीस. हरिणीची दोन एकोणतीस. सरांनी पेन्सिलीनं आकडेमोड केली, बावीस मीटरला तिला चार सेकंद आणि वर थोडं लागलं असतं, म्हणजे दोन तेहेतीस. मी म्हटलं, जिंकली! सर वहीची पानं उलटत होते. हरिणी बाहेरच्या मोठ्या मैदानांवर धावायला जायची तेव्हाच्या वेळा होत्या तिथं. दोन तेहेतीस. दोन चौतीस. पुन्हा दोन तेहेतीस. सर म्हणाले, "मी तिला प्रत्येक वेळी सांगितलं, तुला मोठ्या मैदानाची भीती वाटते. घरी एकोणतीस धावतेस आणि तिथं कच खातेस." मग म्हणाले, "ती कुठंच कमी धावली नव्हती रे." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. ताई, त्या माणसाचा गळा मी आजवर कधी मोकळा पाहिला नव्हता. तिथं एक पांढरा पट्टा आहे, दोरी होती तेवढा.

मी भांडायला गेलो होतो आणि भांडायला आणखी एक बाजू घेऊन परत आलो. घरी येऊन हिला सांगितलं, मी सन्मान घेणार नाही, सही करणार नाही, आणि गप्पही बसणार नाही. ही समारंभासाठी माझ्या कोटाची बाही लांब करत बसली होती. दोऱ्याचं टोक दातानं तोडून म्हणाली, "मग काय करणार ते सांगा. नुसते नकार घेऊन माणूस कुठं जातो?" ही कधी कधी बरोबर बोलते. (हे वाक्य तिला वाचून दाखवलेलं नाही.)

काय करायचं ते मला रेघांशिवाय येत नाही. शुक्रवारी सकाळी खेळाडूंच्या आशीर्वादाची मिस्सा होती, गुहेसमोर, सगळी शाळा. मी उजाडताना उठलो, टेप काढली, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि चुन्याची गाडी भरली. वळण पावणेतीन मीटर पुढे नेलं की फेरी बरोबर दोनशे भरते. त्या पावणेतीन मीटरांत काय काय येतं तेही मोजून ठेवलं होतं. आधी वाफा. वाफा मीच लावलेला, त्यामुळे फुलं तुडवताना मला कोणाची परवानगी लागली नाही, फक्त वाईट वाटलं. मग कठडा. कठड्यातून गाडी जाईना म्हणून पलीकडे जाऊन पुन्हा सुरू केलं. मग गुडघे टेकायची दगडी पायरी. दगडावर गाडी चालत नाही, तिथं ब्रशनं रेघ ओढली, चार बोटं रुंद, सरळ. रेघ मरियामातेच्या पावलांपासून वीतभर अंतरावरून जाते. मी टोपी काढली. माफी मागितली नाही. जागा बाबांनी दिली होती, ती मी परत मागत नव्हतो, फक्त तिच्यावरून जात होतो.

मिस्सेला काय झालं ते ही अजून हसत हसत शेजारी सांगते आहे. चुन्याची रेघ दिसली की तिच्यामागे उभं राहायचं, हे मी या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पहिलीपासून बजावलं आहे. तीनशे मुलं आली आणि रेघेबाहेर थांबली. सिस्टर म्हणतात पुढे या, मुलं पुढे येईनात. गुहेपुढचा अर्धा भाग मोकळा, आणि मागे मुलं एकमेकांवर चढलेली. फादर आले, खाली न बघता गुडघे टेकले आणि नेमके लेन क्रमांक एकच्या रेघेवर टेकले. मिस्सेतली लहान घंटा वाजली तेव्हा पहिलीतले दोघं पळत सुटले. टाकीपर्यंत गेले, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं किती फेऱ्या. फादर उठले तेव्हा काळ्या झग्यावर गुडघ्यांच्या जागी दोन पांढरे गोल होते. ते गोल घेऊन त्यांनी मिस्सा संपवली आणि त्यातच माझ्याकडे आले. मी बोलायच्या तयारीत होतो, पण सुईवाल्या सिस्टर मध्ये आल्या. त्या आता काठी घेऊन चालतात आणि कुजबुजतात ते पार फाटकापर्यंत ऐकू जातं. म्हणाल्या, "फादर, मरियामातेनं जन्मभर पायपीट केली. तिला रेघेचं कौतुकच असेल. तुम्ही आधी झगा झटका." फादर म्हणाले, हे आजच्या आज पुसा. मी म्हटलं, चुना पुसत नाही, त्याला पाऊस लागतो. म्हणाले, पाणी मारा. मी म्हटलं, नळाची चावी मैदानप्रमुखाकडे असते. (चावी खिशात होती. ताई, एवढं समाधान मला लग्नातही मिळालं नव्हतं.)

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, फळा नीट बसला का बघायला. फादर पळत पुढे झाले, पण बाईंनी रेघ पाहिली होती. त्या रेघेवरून चालत वाफ्यापर्यंत गेल्या, तिथून कठड्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हे काय हो?" मी चार दिवस भाषण तयार करत होतो. पहिलंच वाक्य असं होतं की बाई, तुमचा विक्रम खोटा आहे. ते मला म्हणता येईना. साठीची बाई, चष्मा दोरीला अडकवलेला, पायात बूट चुन्यानं भरलेले. मी फक्त आकडे सांगितले. साडेपाच, बावीस, चार सेकंद. मग शिट्टीसरांकडून मागून आणलेली वही उघडून बाहेरच्या मैदानांचं पान दाखवलं. त्यांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या पायरीवर बसल्या, रेघेवरच, आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, निवड चाचणीला त्यांचं नाव लागलं होतं. त्या गेल्याच नाहीत. मोठं मैदान पाहिलं की माझे पाय जातात, असं घरी सांगितलं आणि पुस्तकं घेऊन बसल्या. "चव्वेचाळीस वर्षं मी स्वतःला भित्री समजते," म्हणाल्या. "आणि भीती कुठं होती? या वाफ्यात." फादर म्हणाले, चहा घेऊ या. बाई म्हणाल्या, "आधी फळा उतरवा. आठशेची ओळ घासून कोरी करा. माझं नाव नको आणि घाईनं दुसरंही नको." मग माझ्याकडे वळून, "तुमची बहीण कुठं असते?"

तर एवढं झालं आहे. समारंभ एक महिना पुढे गेला आहे. माझं म्हणणं अजून तेच आहे. सन्मान घेणार नाही, अबोल तर नाहीच नाही, आणि जो कागद माझ्या बहिणीला सातशे अठ्ठ्याहत्तर मीटरांनी हरवतो त्यावर माझी सही होणार नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे त्यांना लागेल ते.

तुझा धाकटा,
मैदानप्रमुख (सही शिल्लक)

ता. क. गुडघ्याचे प्रश्न माझे नाहीत, डॉक्टरीणबाईंचे आहेत. मी फक्त उतरवून घेतले. त्यांचं म्हणणं असं की समारंभाच्या दिवशी दुपारी चारला नव्या रेघेवरून तू आणि त्या चार फेऱ्या घालायच्या. पळायचं नाही, चालायचं. बरोबरीनं. (त्यांनी 'बरोबरीनं' म्हटलं, पण त्या रोज सकाळी येऊन सराव करतात, हे तुला कळलेलं बरं.) शिट्टीसरांनी डबा उघडला आहे, एक स्टॉपवॉच दुरुस्तीला दिलं आहे, वेळ घेणार नाही म्हणतात आणि घेणार आहेत. तुझं नाव मी देऊन टाकलं. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

ता. क. २. सुईवाल्या सिस्टरनी तुझा चौदा नंबर नव्यानं शिवला आहे. जुना त्यांनी तिरका शिवला होता आणि तू तसाच घालून धावलीस, हे त्यांच्या मनात सत्तेचाळीस वर्षं आहे. मी म्हटलं, कोणाला दिसलं नाही. म्हणाल्या, मला दिसत होतं. आता तरी सरळ घाल म्हणावं.

ता. क. ३. सन्मानपत्र फादरांनी स्वतः आणून दिलं. 'अबोल' या शब्दावर पांढरा रंग लावला आहे. आता तिथं नुसतं 'सेवेबद्दल' असं आहे आणि अलीकडे एक मोकळी जागा. माणूस वाईट नाही, हे मी वर लिहिलंच आहे. कोट इस्त्री करून टांगला आहे. तो निव्वळ तुझ्या स्वागतासाठी. ही म्हणते, आरशासमोर उभं राहून 'मी आपला आभारी आहे' म्हणणाऱ्या माणसाला कोट स्वागतासाठी लागतो का? तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

ता. क. ४. हे शेवटी ठेवलं कारण आधी लिहायचं धाडस झालं नाही. औजारांच्या खोलीत बाबांची वही सापडली. जुन्या मैदानाबद्दल एकच ओळ आहे. 'एक फेरी, पावलं २६२.' मीटर कुठंच नाही. म्हणजे बाबांनीही मोजलं नव्हतं, ते चालले होते. मी माझ्या पावलांनी दोनशे बासष्ट चालून पाहिलं, दोनशे तीन मीटर भरले. पण माझं पाऊल म्हणजे बाबांचं नव्हे. त्यांचं शहात्तर सेंटिमीटरांच्या वर असेल तर तुझे आठशे पूर्ण आहेत. चौऱ्याहत्तर असेल, तर तुझी फेरी हरिणीच्या फेरीहूनही लहान होती, आणि वर लिहिलेलं सगळं, बंद दाराला ऐकवलेलं धरून, मला परत घ्यावं लागेल. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बाबांचं पाऊल केवढं होतं ते आता जगात एकाच माणसाला ठाऊक असेल. तू लहानपणी त्यांच्या मागून त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत, मोठ्यानं आकडे म्हणत चालायचीस, आणि तुझी उडी कमी पडली की ते थांबायचे. तेव्हा एक दिवस आधी ये, शुक्रवारी सकाळी, शाळा भरायच्या आत. बाबा चालायचे तशी वीस पावलं मला चालून दाखव. मी टेप धरतो. कमी भरलं तर कमी लिहीन आणि खाली सही करीन, तुझ्याविरुद्धसुद्धा. पण न मोजता या घरातलं कोणी आता रेघ मारणार नाही.

आणि मागच्या दारानं येऊ नकोस.